साठ हजारांत गेमिंग कॉम्प्युटर: जोड नीट लागली पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळचा गडहिंग्लजचा, कोल्हापुरात खोली घेऊन राहतो. वडिलांनी उसाच्या बिलातून ६०,००० रुपये दिलेत, त्यातच मॉनिटरही बसवायचा आहे. व्हॅलोरंट रोज, जीटीए ५ अधूनमधून, सायबरपंक २०७७ खेळायची फार इच्छा, आणि कॉलेजसाठी सॉलिडवर्क्स, म्हणजे यंत्रांचे भाग आखायचं सॉफ्टवेअर. एका दुकानातून ४२,००० चं कोटेशन मिळालंय: ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ एसएसडी, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर’. मित्र म्हणतात, १८ हजार वाचतात, घेऊन टाक. घ्यावं का? आणि नाही तर काय घ्यावं?

घेऊ नकोस. मी अठरा वर्षं कोल्हापुरात मशीन जोडतोय आणि दुरुस्त करतोय. असलं कोटेशन घेऊन येणारी पोरं दर महिन्याला भेटतात. त्यातली निम्मी मशीन घेऊन झाल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. तू आधी विचारलंस हे बरं झालं.

त्या कागदावर एकही गोष्ट खोटी लिहिलेली नसेल. अडचण आहे ती न लिहिलेल्या गोष्टींची. ‘आय७’ हे आडनाव झालं, माणसाचं नाव कुठाय? आय७-२६०० हा २०११ चा, आय७-३७७० हा २०१२ चा. दोघेही आय७ आणि २०२४ ला आलेला आय७-१४७०० हाही आय७च. या किमतीत, या वर्णनाचा आय७ म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून निघालेला ३७७०, खाली एच६१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य नियंत्रण चिप) बोर्ड आणि डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम. एच६१ चे बोर्ड आजही नव्याकोऱ्या खोक्यात मिळतात, म्हणून ‘सगळं नवीन आहे’ हेही दुकानदार खरंच सांगतो. पण तो चिपसेट २०११ चा आहे. त्या ३७७० ला ४ कोर, म्हणजे काम करणारे चार मेंदू, आणि ८ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी आठ कामं. आजच्या सगळ्यात स्वस्त गेमिंग प्रोसेसरांपैकी एक, आय३-१२१००एफ, त्यालाही नेमके ४ कोर आणि ८ थ्रेडच आहेत, आणि तो त्या आय७ ला प्रत्येक कामात मागे टाकतो. नावातला आकडा मोठा म्हणून मशीन मोठं होत नाही.

यात तुझ्यासाठी आणखी एक अडचण आहे, आणि ती व्हॅलोरंटची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालतं आणि त्याला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही सुरू असल्याशिवाय उघडत नाही. जुन्या मशीनवर विंडोज ११ कसंबसं घालून देणारे आहेत, पण गेम दारातच अडेल. म्हणजे तू रोज खेळतोस तोच खेळ त्या मशीनवर आज ना उद्या बंद पडणार.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ हे तर सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य. कार्डाचं नावच लिहिलेलं नाही. मी असल्या कोटेशनमधली कार्डं काढून बघितलीत, बहुतेक जीटी ७३० निघतात, २०१४ चं कार्ड. त्यातली मेमरी ४ जीबी असते हे खरं, पण ती डीडीआर३ आणि ६४ बिटची. म्हणजे गोदाम मोठं आहे, पण माल बाहेर काढायला एकच बोळ. त्या बोळातून सेकंदाला साधारण १४ जीबी माल सरकतो. आरएक्स ६६०० या साध्या बजेट कार्डात हाच आकडा २२४ जीबी आहे. कार्डावर किती जीबी आहे हे शेवटी विचारायचं, आधी पूर्ण नाव विचारायचं.

आता काय घ्यावं. मी सुरुवात प्रोसेसरपासून करत नाही, मॉनिटरपासून करतो. लोकांना हे उलटं वाटतं. पण सगळं मशीन शेवटी त्या पडद्यावर ठिपके रंगवण्यासाठी राबत असतं. १०८० पी म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके, १४४० पी म्हणजे जवळपास ३७ लाख, आणि फोर के म्हणजे ८३ लाख. ठिपके वाढले की कार्ड मोठं लागतं, आणि कार्ड मोठं झालं की बजेट हाताबाहेर जातं. ६० हजारांत १०८० पी हाच तुझा पडदा, यावर मनात घोळ नको. मात्र तो २२ इंची ६० हर्ट्झचा घेऊ नकोस. २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारा), १४४ हर्ट्झ किंवा त्याच्या वरचा घे. ६० हर्ट्झला नवीन चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला दर ७ मिलिसेकंदांच्या आत. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यावरून माणूस बाहेर येतो तेव्हा हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. मॉनिटर सात-आठ वर्षं टिकतो, त्या काळात कार्ड दोनदा बदलशील.

पडदा ठरला की मग कार्ड आणि प्रोसेसर, आणि इथे मी नेहमी आखाड्यातला शब्द वापरतो: जोड. खासबागेत कुस्ती ठरवताना जोड बघतात. वजन, वय, तयारी बघून बरोबरीचे दोघे उतरवतात, कारण एकतर्फी कुस्ती मिनिटात संपते आणि बघणाऱ्यांचे पैसे वाया जातात. कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे. प्रोसेसर खेळाचं गणित करतो, कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली. कार्ड त्याचं चित्र काढतं. प्रोसेसर कमकुवत असेल तर महागडं कार्ड हातावर हात ठेवून बसतं. कार्ड कमकुवत असेल तर प्रोसेसर बसून राहतो. दोन्हीत पैसा तुझाच जातो.

तुझ्या तीन खेळांत ही गंमत सरळ दिसते. व्हॅलोरंट कार्डावर फार हलका आहे, त्याला प्रोसेसर चपळ लागतो. सायबरपंक उलट, कार्डाला घाम फोडतो. त्याच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये किमान गरज वाढवली: जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड, १२ जीबी रॅम, आणि एसएसडी सक्तीची. ही नुसती चालायची अट आहे, मजेत खेळायची नाही. म्हणून तुला मधली जोड हवी, दोन्ही बाजूंनी सारखी.

माझी जोड अशी: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि एएमडीचंच आरएक्स ६६०० ८ जीबी कार्ड. ५६०० मध्ये ६ कोर, १२ थ्रेड, आणि ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली फार वेगवान छोटी मेमरी. ही कॅश खेळांसाठी फार मोलाची आहे. ५५०० आणि ५६००जी हे दोघे नावाला सख्खे भाऊ वाटतात आणि थोडे स्वस्त पडतात, पण त्यांची कॅश निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाकडे जाणारी पीसीआय एक्सप्रेसची वाट जुन्या तिसऱ्या पिढीची. आरएक्स ६६०० ला या वाटेच्या आठच लेन (पदर) आहेत, त्यामुळे वाट जुनी झाली की थोडं नुकसान होतं. फार नाही, पण होतं. आणि आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं एक कार्ड दुकानात दाखवतील, त्याला तर फक्त चार लेन आणि ४ जीबी मेमरी. जुन्या बोर्डावर ते लंगडतं. त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

‘एनव्हिडियाच पाहिजे’ असं मित्र सांगतील. मी दोन्ही विकतो, मला कुणाचंच प्रेम नाही. या पैशांत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० येतं, आणि निव्वळ खेळात आरएक्स ६६०० त्याच्यापेक्षा स्पष्टपणे पुढे आहे. त्यातही ३०५० दोन प्रकारचं मिळतं, ८ जीबी आणि ६ जीबी, आणि ६ जीबीवाल्यात नुसती मेमरी कमी नाही, आतले कोरही कमी आहेत. खोक्यावर नाव मात्र तेच. त्या ६ जीबीवाल्याचा एक खरा उपयोग आहे: ते ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड मशीनमध्ये घालायला चांगलं. तू ब्लेंडरमध्ये रेंडर करणार असतास किंवा मशीन लर्निंग शिकणार असतास, तर मी नक्की एनव्हिडिया सांगितलं असतं, कारण तिथे सॉफ्टवेअर क्युडा हे एनव्हिडियाचंच तंत्र मागतं. सॉलिडवर्क्सला मुख्यतः एका कोरचा वेग आणि रॅम लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या असेंब्ली ५६०० आरामात ओढतो.

इंटेलच्या बाजूने बरोबरीची जोड म्हणजे आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चा एच६१० किंवा बी६६० बोर्ड. ज्या दिवशी जे पाचशे-हजाराने स्वस्त असेल ते घे, दोन्हीत पश्चात्ताप नाही. नावामागचा एफ म्हणजे प्रोसेसरात स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड लागणारच. साध्या ५६०० चंही तसंच.

एएम५ सॉकेट (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांची बोर्डावरची बैठक) घ्यावं का, पुढे अपग्रेड होईल, हा प्रश्न तू विचारशीलच. ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ ची वाट संपत आली आहे, हे खरं. एएम५ ला एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढे साथ देऊ असं सांगितलंय. पण एएम५ ला डीडीआर५ लागतं आणि बोर्डही महाग. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जे चढलेत ते तू बघतोयसच. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिपा वळल्यात आणि मायक्रॉन या मेमरी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. अशा वेळी ६० हजारांतून डीडीआर५ वर जास्तीचे पैसे घालायचे म्हणजे कार्डाच्या ताटातलं काढून घ्यायचं. तुझं बजेट ८० च्या आसपास असतं तर मी वेगळं बोललो असतो.

रॅमबद्दल दोन गोष्टी, दोन्ही फुकटच्या. १६ जीबी एका कांडीत घेऊ नकोस, ८ च्या दोन घे, आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत बसव. चार खाचा असतील तर बहुतेक दुसरी आणि चौथी. एक कांडी म्हणजे एका बैलाची गाडी. खेळाचा सरासरी वेग कदाचित थोडाच पडेल, पण मधेमधे जे हिसके बसतात ते त्यानेच. दुसरं, ३२०० ची रॅम घालून मशीन सुरू केलं की ती आपोआप ३२०० वर चालत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, सुरू करावं लागतं, नाही तर २४०० किंवा २६६६ वर रेंगाळते. दुकानातून जोडून आलेल्या किती मशीनमध्ये हे बंद असतं! टास्क मॅनेजर उघड, मेमरीवर क्लिक कर, वेग तिथेच लिहिलेला असतो.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचं आहे तो भाग म्हणजे पॉवर सप्लाय. आपल्याकडे त्याला एसएमपीएस म्हणतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाचे बाराशे रुपये वाचवायला मी स्वस्तातला, ‘५०० वॉट’ लिहिलेला एसएमपीएस घातला होता. गणपतीच्या दिवसांत लाइट गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. मी दोन्ही भरून दिलं. त्या दिवसापासून लेबल वाचल्याशिवाय एकही एसएमपीएस माझ्या हातून मशीनमध्ये गेलेला नाही.

लेबल कसं वाचायचं ते बघ. वरचा मोठा आकडा सोड. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ ने गुण. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवर जगतात. स्वस्त ‘५०० वॉट’वर बऱ्याचदा १६ अँपिअर लिहिलेलं सापडेल. १६ गुणिले १२, १९२ वॉट. उरलेले तीनशे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या तारांवर दाखवलेले असतात, आणि आजच्या मशीनला त्या तारांवर एवढं काही लागतच नाही. चांगल्या ५५० वॉटच्या सप्लायवर १२ व्होल्टला ४० च्या पुढे अँपिअर असतात. तुझं कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर ६५ चा, सगळं मिळून भर लोडलाही ३०० च्या आत. पण कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा सप्लायला छाती लागते. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), पाच वर्षांची वॉरंटी असलेला, ५५० वॉटचा घे. पुढच्या कार्डालाही तोच चालेल. आणि कार्डाची पॉवर केबल सप्लायमधूनच आलेली हवी, जुन्या हार्ड डिस्कच्या पिनेला कन्व्हर्टर लावून नाही. ते कन्व्हर्टर वितळलेले मी हातात घेतलेत.

सप्लायबरोबर खोलीची वीजही तपास, कारण भाड्याच्या खोल्यांत इथेच घोळ असतो. कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन पावसाळ्यात हमखास कोणीतरी येतं. एसएमपीएसच्या तोंडाशी जी फिल्टरची कपॅसिटर असतात ती फेज आणि न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात, आणि पत्र्यावर आलेला प्रवाह अर्थिंगमधून निघून जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा वीजदाबाच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभं असताना तो चांगला जाणवतो, आणि यूएसबी, हेडफोन, एचडीएमआय यांच्या पोर्टांचं आयुष्य त्यात खर्ची पडतं. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत तीन खाचांचा बोर्ड दिसतो, पण तिसऱ्या खाचेमागे वायरच जोडलेली नसते. वायरमनला बोलाव, तिसऱ्या खाचेमागे वायर खरंच जोडलेली आहे का ते बघायला आणि न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला लाव. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. घरमालक कुरकुर करेल, तर त्याला सांग की हे त्याच्या फ्रिजच्याही भल्याचं आहे.

यूपीएस आता घेतलास तर ६०० व्हीएचा घेऊ नकोस. त्याची खरी ताकद ३६० वॉटच्या आसपास, आणि मशीन अधिक मॉनिटर भर खेळात असताना लाइट गेली की तो ओरडून बंद पडू शकतो. १००० व्हीए बघ. पैसे नसतील तर पहिल्या महिन्यात यूपीएस नको, पण अर्थिंग मात्र पहिल्या दिवशी हवं.

कॅबिनेट मी दोन मिनिटांत निवडतो: समोर जाळी आहे का? समोर काच असलेलं दिसायला देखणं असतं, पण एप्रिलमध्ये पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर ते भट्टी होतं. समोरून हवा आत, मागून बाहेर, एवढं झालं की पुरे. ५६०० सोबत येणारा कूलर पुरेसा आहे, पाण्याचा कूलर डोक्यातून काढून टाक. उद्यमनगरात राहणाऱ्यांना मात्र मी वेगळं सांगतो. एका लेथच्या कारखान्यावरच्या माळ्यावर ठेवलेलं मशीन माझ्याकडे आलं होतं. आत काळी, चमचमती धूळ. साधी धूळ गरमी वाढवते, ही धूळ लोखंडाची, ती वीज वाहते. तिथे जाळीमागे बारीक फिल्टर लावायचा आणि दर महिन्याला ब्लोअर मारायचा, पंखे हाताने धरून.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी, वेगवान), नाव माहीत असलेल्या कंपनीची, ५०० जीबी. सायबरपंक एकट्याला ७० जीबी लागतात, म्हणून सगळे खेळ एकदम बसणार नाहीत, पण बोर्डावर दुसरी खाच असेल तर नंतर भर घालता येते. बोर्ड बी५५० मिळाला तर उत्तम, बी४५० ही चालेल, मात्र त्यावर कार्डाची वाट तिसऱ्या पिढीचीच राहते; आणि जुन्या साठ्यातला असेल तर दुकानातच बायोस अपडेट करून घे.

६० हजारांची माझी वाटणी अशी बसते: कार्डाला २० हजार, प्रोसेसरला ९, बोर्डाला साडेसहा, रॅमला ६, एसएसडीला ४, सप्लायला ४, कॅबिनेटला अडीच, मॉनिटरला ८. भाव आठवड्याला हलतात, त्यामुळे हे आकडे म्हणजे कुंपण समज. रॅम सध्याच्या भावात ६ हजारांत नवी बसणं अवघड, म्हणून मी ती जुनी घ्यायला सांगतो. रॅम आणि प्रोसेसर या दोन वस्तू जुन्या घ्यायला मी कचरत नाही. रायझनच्या पोटाखालच्या पिना सरळ आहेत का ते उजेडात तिरकं धरून बघ, आणि रॅमवर मेमटेस्टचा एक पूर्ण फेरा चालव. इंटेल असेल तर पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटात असतात, तिथे बघ. कुंपण तरीही मोडत असेल तर मॉनिटरमधून किंवा कार्डाच्या दर्जातून कापण्याऐवजी आय३-१२१००एफ घे. सप्लायमधून एक रुपया कापू नकोस.

जुना एसएमपीएस आणि जुनी एसएसडी कधीच नाही. जुनं कार्ड? घेता येतं, पण सावध राहून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ते चलन कमावण्यासाठी कार्डांवर चालणारी आकडेमोड) बंद झालं आणि वर्ष-दोन वर्षं दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. ती अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे घासलेले आणि थर्मल पॅड (चिपांची गरमी ओढणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळलेले असतात. विक्रेत्याच्या समोर अर्धा तास लोडवर चालव, तापमान बघ, पंख्याचा आवाज ऐक. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर ने. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय या वरच्या कार्डाच्या नावाने विकतात, ते हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पकडतं.

आणि कोल्हापूर-सांगलीत जुना माल घेताना आणखी एक गोष्ट बघायची, जी बाहेरगावचा कोणी तुला सांगणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आणि नदीकाठच्या गल्ल्यांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. भिजलेली मशीन वाळवून, पुसून पुढे विकली गेली. बोर्ड किंवा कार्ड हातात घेतलंस की स्क्रूच्या डोक्यांवरचा गंज बघ, खाचांच्या तळाशी पांढुरकी पुटं किंवा बारीक गाळ दिसतो का ते टॉर्चने बघ, आणि नाकाशी धरून वास घे. पुराचं पाणी प्यायलेलं बोर्ड सहा महिने चालतं आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री बंद पडतं. तुझी खोली तळमजल्यावर असेल तर तुझंही मशीन फरशीवर ठेवू नकोस, टेबलावर ठेव.

नवे भाग कुठून घ्यायचे? ऑनलाइन भाव बघ, स्क्रीनशॉट घे, आणि मग राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दोन-तीन दुकानांत जा. तीन-चार टक्के जास्त सांगितले तर इथेच घे. कारण वॉरंटीत कार्ड गेलं की ते बहुधा पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, आणि ती धावपळ दुकानदार करतो. मात्र बिल पक्कं हवं, जीएसटी नंबरचं, आणि त्यावर ‘ग्राफिक्स कार्ड ८ जीबी’ असं न लिहिता पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घे. जो दुकानदार हे लिहायला नाही म्हणतो तिथून उठून ये. विंडोजचं लायसन्स कॉलेजकडून मिळतं का ते विचार. दुकानातलं क्रॅक केलेलं विंडोज घालून घेऊ नकोस, त्यासोबत काय काय आत येतं ते नंतर निस्तरत बसावं लागतं.

मशीन घरी आलं की पहिल्या संध्याकाळी तीन गोष्टी कर. मॉनिटरची केबल बोर्डाच्या नाही, कार्डाच्या पोर्टात आहे का बघ. तुझ्या ५६०० ला बोर्डाच्या पोर्टातून चित्रच येणार नाही, पण ग्राफिक्सवाला प्रोसेसर असलेल्या मशीनवर वर्षभर चुकीच्या पोर्टात केबल लावून खेळलेली पोरं मी बघितलीत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवड, ते बऱ्याचदा स्वतःहून ६० वरच राहतं. एक्सएमपीचं वर सांगितलंच. मग सायबरपंक लाव आणि कार्ड किती टक्के वापरलं जातंय ते पडद्यावर घे. ९५ च्या वर असेल तर जोड बरोबर लागली. साठ-सत्तरवर अडकलं असेल तर प्रोसेसर किंवा रॅम कुठेतरी अडवतेय, तेव्हा मला कळव.

आणि सुट्टीत गडहिंग्लजला नेताना मशीन एसटीत तसंच ठेवू नकोस. कार्ड त्या एका खाचेवर लोंबत असतं, खड्ड्यांनी खाच तडकते. चार स्क्रू काढून कार्ड त्याच्या खोक्यात घाल आणि मांडीवर घेऊन बस. मॉनिटरचंही खोकं आणि आतला थर्माकोल जपून ठेव, घरमालकाला सांगून माळ्यावर टाक.